डोंगर जळाल्यावर मदत कशी करावी, आणि ज्याचं त्याने काय निस्तरावं

होळीच्या मागंपुढं पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात कुठला ना कुठला डोंगर पेटतोच. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतो. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा वाळल्या गवताचा असतो. तो चढाला पळतो, वाऱ्याबरोबर पायवाट ओलांडतो आणि काही तासांत पुढच्या खोऱ्यात उतरतो. घरं त्यामानाने थोडी जळतात. जळतात त्या गवताच्या गंज्या, झऱ्यावरून वस्तीला पाणी आणणारे काळे पाइप, काजू-आंब्याची कलमं, गोठ्याचं छप्पर, मधाच्या पेट्या.

म्हणून पुरातल्या मदतीचा साचा इथं चालत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी कोल्हापूरकरांना मदतीची सवय लावली. ती मोलाची आहे. पण पुरात चूल आणि कपडे जातात, तर वणव्यात वैरण, पाणी आणि पुढच्या काही वर्षांचं उत्पन्न जातं. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन टेम्पो धनगरवाड्यावर पोचतो, तेव्हा तिथल्या माणसाला घोर असतो तो उद्या सकाळी म्हशींपुढं काय टाकायचं याचा. घर खरोखरच जळालं असेल तर कपडे, भांडी, शिधा लागतोच. पण आधी विचारा, मग गाडी भरा.

राख थंड होईपर्यंत

आग विझलेली दिसली तरी मोठी खोडं आणि मुळं आतून दोन-तीन दिवस धुमसत राहतात. संशय येईल तिथं हाताची पालथी बाजू जवळ न्या, टेकवू नका. धग लागली तर खोड उकरून पाणी ओता, काठीने कालवा आणि पुन्हा धग बघा. नुसती माती लोटून झाकलेला निखारा आत जिवंत राहतो आणि दुपारच्या वाऱ्याला परत पेटतो. अर्धवट जळालेल्या झाडाखाली बसू नका. फांदी अचानक येते. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत, नायलॉन आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

कुणी भाजलं तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नको. मग 108. आग पुन्हा दिसली तर वन विभागाचा 1926 किंवा 112. जनावर भाजलं असेल तर पशुवैद्यकीय सेवेचा 1962. जनावराची कास, सड आणि खुरांमधली जागा आवर्जून बघा. केस जळालेले लगेच दिसतात, पण सडाला बसलेला चटका धार काढायला बसल्यावरच कळतो. धुरात कोंडलेलं जनावर पहिल्या दिवशी बरं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकू लागतं, म्हणून निदान दोन दिवस लक्ष ठेवा.

जखमी रानप्राणी, पिल्लू किंवा अंडी उचलून आणू नका. जागा सांगायला 1926 आहेच. चारा संपलेला गवा शिवारात उतरला तर त्याच्यामागं गाडी घालू नका, त्याला डोंगराकडची वाट मोकळी ठेवा.

पंचनामा झाल्याशिवाय झाडलोट नको

हौशी मदतीतून सर्वांत मोठं नुकसान इथं होतं. पोरं उत्साहाने जळालेला गोठा साफ करतात, राख भरून नेतात, मेलेली शेळी पुरतात, आणि तलाठी आल्यावर दाखवायला काही उरत नाही.

आधी फोटो. प्रत्येक फोटोत घरमालक आणि मागं ओळखीची खूण, म्हणजे विहीर, देऊळ, विजेचा खांब, असं दिसू द्या. मोबाईलमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदवण्याची सोय चालू ठेवा. मग तहसील कार्यालयाला किंवा 1077 वर कळवा आणि तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्या. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर लिहून ठेवा, बिल्ला फेकू नका. विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय जनावर पुरू नका.

आपत्ती मदत निधीच्या निकषांत आगीचा समावेश आहे. 2022 ते 2026 साठी केंद्राने ठरवलेल्या दरांत दुभत्या म्हशी-गाईला 37,500 रुपये, शेळी-मेंढीला 4,000 रुपये, आणि घर गेलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी 2,500 व भांड्यांसाठी 2,500 रुपये धरले होते. अर्ज करताना चालू दर तहसीलात विचारून घ्या. हे निकष जनावर, घर आणि पीक यांच्याभोवती बेतलेले आहेत. गंजी, पाइप, मधाच्या पेट्या यांचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि लोकांचा पैसा आधी तिथं लागला पाहिजे. सरकारकडून मिळणाऱ्याच गोष्टीवर वर्गणी खर्चू नका.

आग विजेच्या तारेवरून लागल्याचा संशय असेल तर वीज कंपनीला लेखी कळवून पोच घ्या आणि विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचा आग्रह धरा. त्यांच्या अहवालाशिवाय भरपाईचं प्रकरण पुढं सरकत नाही. तुटलेली तार, ठिणगीने काळवंडलेला खांब यांचे फोटो दुरुस्ती होण्याआधीचे हवेत.

वैरणीचा हिशेब

गावात कुणाकडं किती जनावरं आहेत हे सर्वांत नेमकं गावच्या दूध संस्थेला ठाऊक असतं. वाटपाची यादी तिथून सुरू करा आणि भाकड जनावरं, वासरं, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या विचारून घ्या, कारण त्या दुधाच्या नोंदीत नसतात. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

मोठ्या म्हशीला रोज साधारण 6 ते 7 किलो वाळली आणि 15 ते 20 किलो ओली वैरण लागते. 40 मोठी जनावरं असलेल्या वस्तीला 7 किलोने दिवसाला 280 किलो वाळली वैरण झाली. पंधरवड्याला 4.2 टन. मार्चच्या मध्यावर डोंगर जळाला तर नवं गवत जनावराच्या तोंडी लागेपर्यंत जूनचा शेवट उजाडतो, म्हणजे शंभर दिवस आणि 28 टन. एक छोटा टेम्पो कडबा नेऊन फोटो काढल्याने हे भागत नाही. शिवाय कडबा हलका आणि फुगीर असतो. गाडी वजनाने भरायच्या आधी जागेने भरते, त्यामुळं भाड्यावरच पैसा जातो. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा मोठा ट्रक ठरवा, आणि जमलं तर कुट्टी (बारीक तुकडे) करूनच न्या. अख्ख्या पेंड्या जनावरं तुडवतात आणि बरीच वैरण शेणात जाते.

साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली आहेत तोवर वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक मिळतं. हंगाम संपला की वाडं संपतं, मग कडबा, पिंजर (भाताचा पेंढा) आणि मुरघास (हवाबंद मुरवलेली ओली वैरण). म्हणून मार्चमध्ये वणवा लागला तर वर्गणी लगेच कडब्यात घालू नका. आधी वाडं लावा, आणि पैसा एप्रिल-मे साठी धरून ठेवा. त्या दोन महिन्यांत मदतीचे टेम्पो थांबलेले असतात आणि जनावर दावणीला उपाशी असतं. वस्तीवरची माणसं म्हशी विकायला काढतात ती याच दिवसांत, पडेल त्या भावाने.

वैरण देताना जनावर मरतं कशाने, हेही सांगितलं पाहिजे. शहरातून लोक शिळा भात, भाकऱ्या, गव्हाची पोती आणतात. वाळल्या गवतावर जगणाऱ्या म्हशीपुढं एकदम धान्य किंवा भात आला की पोटात आम्ल होतं, रवंथ बंद पडतो आणि जनावर दोन दिवसांत बसतं. वैरणीचा कुठलाही बदल पाच-सात दिवसांत हळूहळू करा. नुसत्या वाड्यावर महिनाभर ठेवलं तर त्यातली ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतात, दूध घटतं, व्यालेली म्हैस बसते. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत वाळली वैरण द्या आणि मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण घाला. फुलोऱ्याआधीची कोवळी किंवा पाण्याविना खुरटलेली हिरवी ज्वारी अजिबात नको, तिने विषबाधा होते. मुरघासाची पिशवी फोडली की हवा लागून खराब होऊ लागते, तेव्हा वस्तीला दोन-तीन दिवसांत संपतील अशाच पिशव्या द्या. बुरशी आलेला भाग सरळ खड्ड्यात.

पाइप: इथं हमखास चूक होते

डोंगरावरच्या वस्तीला पाणी येतं ते झऱ्यावर बांधलेल्या छोट्या टाकीतून, उताराच्या जोरावर, काळ्या पाइपने. हा पाइप जमिनीवर उघडा पडलेला असतो आणि वणव्यात वितळतो. माणसं आणि जनावरं मिळून एका वस्तीचं पाणी एका दुपारीत जातं. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला एकटीलाच 60 लिटरच्या वर पाणी लागतं, बाटल्यांनी काय होणार?

मदत करणारे शहरातून घाईने पाइपचं भेंडोळं घेतात आणि वर गेल्यावर ते बसत नाही. दुकानात जाण्याआधी चार गोष्टी लिहून आणा: उरलेल्या पाइपचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये (25, 32, 63 असा आकडा पाइपवरच छापलेला असतो), त्यावरचा दाबाचा आकडा, जळालेल्या तुकड्यांची पावलांनी नव्हे तर दोरीने मोजलेली लांबी, आणि तुकडे किती. प्रत्येक तुकड्याला दोन कपलर (पाइप जोडायचे सांधे) लागतात; चार जादा घ्या. जळालेल्या टोकापासून चांगला दिसणारा फूटभर पाइपही कापून टाका. उष्णतेने तो गोलाई हरवलेला असतो, कपलर घट्ट बसत नाही आणि सांधा दाबाने निसटतो. लांबी मोजमापापेक्षा पाच-सात टक्के जास्त धरा, कारण ताणून बसवलेला पाइप थंडीत आखडला की सांध्यातून सुटतो.

नवा पाइप पुन्हा गवतावर टाकायचा नाही. फूटभर खोल चर खणून पुरा, आणि खडकामुळं पुरता येत नसेल तिथं दोन्ही अंगांनी दीड मीटर गवत खरवडून वर दगड-माती रचा. खणायचं काम वर्गणी न देता येणाऱ्यांनी अंगमेहनतीने करावं. शंभर मीटर चर ही रोख रकमेइतकीच खरी मदत आहे.

तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ताडपत्री द्यायची तर 200 जीएसएमच्या (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाच्या) वरची, कडेने रिंगा असलेली द्या. गगनबावडा-राधानगरीचा पाऊस हलकी ताडपत्री आठवड्यात फाडतो.

काजू-आंबा

जळालेलं कलम लगेच तोडू नका. सालीवर नखाने हलकं खरवडा. आत हिरवं, ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. खोडाला चुन्याचा हात द्या, नाहीतर पाला गेल्यामुळं उन्हाने साल फाटते. बुंध्याशी पाणी आणि वाळल्या पाल्याचं आच्छादन, पण खोडाला टेकवून नको. पावसाळ्यात फुटवे कुठून येतात ते पाहून मेलेला भाग कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र. लोखंडी भांडं वापरू नका. कलमी जोडाच्या खालून आलेले फुटवे रानटी असतात, ते काढून टाका. ज्याची बाग मुळापासून गेली त्याला नवी कलमं जूनमध्ये द्या. मार्चमध्ये वाटलेली कलमं मेमध्ये वाळतात.

वर्गणी

तालीम, मंडळ किंवा मित्रमंडळींनी वर्गणी गोळा करायची तर गणेशोत्सवाला घेतात तशीच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41क खालची परवानगी सहायक धर्मादाय आयुक्तांकडून घ्या. नोंदणीकृत संस्था सोबत असेल तर उत्तम. पैसा संस्थेच्या खात्यावर, दोन सह्यांचं खातं, क्रमांक छापलेलं पावती पुस्तक. एखाद्याच्या खासगी मोबाईलवरचा क्यूआर कोड पुढं ढकलू नका. त्याच फोटोवर दुसरा कोड चिकटवून फसवणारे असतात. पैसे भरणाऱ्यानेही स्क्रीनवर येणारं खातेदाराचं नाव वाचावं, आणि फसगत झालीच तर तत्काळ 1930. जुनी करप्रणाली निवडलेल्या दात्याला करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊन चालत नाही, वस्तूंच्या दानालाही ती मिळत नाही.

वाटपाचे निकष पैसे वाटण्याआधी ग्रामसभेत ठरवा: काय गेलं, किती गेलं, सरकारकडून काय मिळणार, घरात कमावतं कोण. सगळ्यांना सारखं वाटलं की भांडण टळतं असं वाटतं, पण त्यात ज्याचं सगळं गेलं त्याच्यावर अन्याय होतो. रक्कम थेट बँक खात्यावर टाका, शक्य तिथं घरातल्या बाईच्या. घेणाऱ्याला हारतुऱ्यांत उभं करून फोटो काढू नका.

आणि एक आग्रहाची सूचना. जमलेल्या रकमेचा चौथा हिस्सा पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरसाठी बाजूला ठेवा, वणवा रोखायच्या कामाला. हे आवाहनातच स्पष्ट लिहा, कारण एका कारणासाठी घेतलेला पैसा मागाहून दुसरीकडं वळवणं गैर आहे. लोक देतात. कशासाठी ते सांगितलं की आनंदाने देतात.

आग कुणाच्या हातून लागली

वर्गणीत हजार रुपये टाकून आग लावणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. बांध पेटवला आणि वाऱ्याने आग डोंगरावर गेली, असं झालं असेल तर त्या माणसाने पहिल्या तासात स्वतः वनरक्षकाला आणि पोलीसपाटलाला सांगावं. लपवल्याने विझवणाऱ्यांना आग कुठून कशी निघाली हे कळत नाही आणि ती मागून घेरते. नंतर सरपंच, पोलीसपाटील आणि नुकसान झालेल्यांसमोर काय जळालं त्याची यादी लिहून भरपाई ठरवावी. सगळी रोखीने जमत नसेल तर वैरणीने, ट्रॅक्टरच्या खेपांनी, हप्त्यांनी. गावात समेट झाला तरी कायद्याचा भाग वेगळा राहतो: आगीबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेचं कलम 287 लागतं, आणि अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती सोडणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 30 ने मना आहे.

पुराव्याशिवाय मात्र कुणाचं नाव घेऊ नका. डोंगर पेटला की पहिलं बोट गुराख्याकडं जातं, आणि जूनपर्यंत त्याच गवतावर ज्याची जनावरं जगतात त्याचंच सर्वांत जास्त गेलेलं असतं. आग जिथून सुरू झाली ती जागा, रस्त्याची कड, बांध, चुलीचे दगड, तारेखालचा पट्टा, तुडवू नका. वनरक्षकाला तशीच दाखवा. जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्यांवर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 ने आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी टाकली आहे.

जाळल्यावर गवत जोमाने येतं, या समजुतीवरही बोललं पाहिजे. पहिल्या सरीनंतर जळालेला उतार हिरवा दिसतो, हे खरं. पण त्यासाठी एप्रिल-मेची वैरण, झाडांची रोपं आणि उघड्या पडलेल्या उताराची माती जाते. उसाच्या पाचटाचंही (तोडणीनंतर उरलेल्या वाळल्या पाल्याचंही) तसंच. पाचट पेटवून आग बांधावर, बांधावरून डोंगरावर जाते. तेच खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून फुटलेल्या पिकात) सरीत दाबा आणि टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, त्या मापाने खत आणा.

जूनमध्ये झाडं लावायची घाई

जळालेल्या डोंगरावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवायचा मोह आवरा. सड्यावरचं (कातळाच्या उघड्या माळावरचं) आणि पठारावरचं गवत ही पडीक जमीन नव्हे. तिथं खड्डे खणून परकी झाडं लावली तर उरलेलंही बिघडतं. एक पावसाळा जाऊ द्या. बहुतेक झाडं बुंध्यातून फुटतात. तोवर करायचं काम म्हणजे मे महिन्यात तीव्र उतारावर जळक्या फांद्या आणि दगड आडवे, समपातळीत रचणं, म्हणजे पहिल्या पावसाने माती ओढ्यात जाणार नाही. वन जमीन असेल तर वनपालाला विचारून.

जाळरेषा

राखून ठेवलेला चौथा हिस्सा इथं लागतो. गवत उभं पण पुरतं वाळलेलं नाही, अशा नोव्हेंबर-डिसेंबरात वस्ती, गंज्या, बागा आणि देवराई यांच्याभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा बिनगवताचा पट्टा, कापायला घ्या. गवत कमरेइतकं असेल तर सपाटीला किमान 3 मीटर, उतारावर 6 मीटर. कापलेलं गवत पट्ट्यातच ठेवलं तर पट्टा निरुपयोगी होतो. ते वैरण म्हणून घरी न्या. उरलेला पाला दाताळ्याने ओढा. पट्टा जाळून साफ करायचा असेल तर ते वन विभागाच्या माणसांनी, पहाटे दव असताना करावं, गावकऱ्यांनी परस्पर नव्हे. गंज्या एकाला एक चिकटून घालू नका. दोन-तीन ठिकाणी, गोठ्यापासून दूर ठेवा.

वस्तीसाठी सामान: 16 लिटरचे पाठीवरचे फवारणी पंप दोन-तीन (तणनाशक मारलेला पंप नको), पाला उडवायचा ब्लोअर एक, दाताळी आणि कोयते घरटी, चामडी हातमोजे, बॅटऱ्या, शिट्ट्या. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहून कधीच विझवू नका, बाजूने पुढं सरका आणि मागं जळून गेलेली जागा पळवाट म्हणून मोकळी ठेवा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडं नाव नोंदवलं की उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर येते. पण उपग्रह दिवसातून काही वेळाच वरून जातो, म्हणून मार्च-एप्रिलच्या दुपारी उंचावर आळीपाळीने एक माणूस बसवा, त्याला दिवसाची मजुरी द्या.

15 फेब्रुवारीच्या आत पट्ट्यावरून एकदा चालून जा. डिसेंबरात साफ केलेल्या जागेवर तोवर पानगळ साचलेली असते, ती पुन्हा झाडावी लागते.